बटन बंद केलं, मग फेज कुठंय?

गेल्या पावसाळ्यात काकांचा फोन, की माजघरातला एलईडी बल्ब बंद केला तरी रात्रभर काजव्यासारखा मिणमिणत राहतो आणि तो दुकानदार डुप्लिकेट माल गळ्यात मारतोय. तोवर तीन बल्ब बदलून झाले होते, चौथा आणायला निघाले होते. मी म्हटलं काका, बल्ब राहू दे, मी गणपतीला येतोच आहे, बटनाच्या वायरी कशा टाकल्यात ते एकदा बघू. गेलो, बोर्ड उघडले, आणि त्या एका घरात बटन जोडायच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा सापडल्या, त्यातली एक बरोबर, एक चूक, आणि एक अशी की दिवा शंभर टक्के नीट चालतो पण बल्ब बदलताना माणूस स्टुलावरून खाली येतो.

तर तेच जरा सोपं करून सांगतो. गणित नाहीये यात काही. सगळं एका प्रश्नावर आहे: दिवा बंद असताना फेज कुठं येऊन थांबलाय?

घरात मीटरवरून येतात दोन वायरी, फेज आणि न्यूट्रल. आपल्याकडे फेजवर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट असतात. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशीच जमिनीला जोडलेला असतो, म्हणून त्यावर जवळपास काही नसतं. फेजला हात लागला की झटका बसतो तो एवढ्यासाठीच की आपण जमिनीवर उभे, ट्रान्सफॉर्मरचं एक टोक जमिनीत, आणि मधली रिकामी जागा आपण अंगाने भरून काढतो. दिवा लागायला दोन्ही वायरी लागतात, आणि बटन म्हणजे त्यातल्या एका वायरीत मुद्दाम ठेवलेली फट. फट मिटली की दिवा लागला, उघडली की गेला.

आता गंमत अशी की फट फेजमध्ये ठेवा नाहीतर न्यूट्रलमध्ये, दिवा दोन्ही वेळी बंदच होतो. वरच्या टाकीतून बागेपर्यंत पाइप आलाय असं समजा. कॉक टाकीपाशी बंद केला तर अख्खा पाइप रिकामा, खालच्या टोकाला बंद केला तर पाणी पडत नाही पण पाइप भरलेला, कुठं चीर असेल तर तिथून चिळकांडी येणारच. न्यूट्रल तोडणारं बटन म्हणजे खालचा कॉक. दिवा बंद, पण फेज बल्बपर्यंत, बल्बमधून पलीकडे, पार बटनाच्या स्क्रूपर्यंत येऊन उभा. म्हणून बटन नेहमी फेजमध्येच पाहिजे. ही काही वायरमनची आवडनिवड नाही, १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये ३२ व्या नियमात लिहिलेलं होतं की न्यूट्रलमध्ये एकटं बटन किंवा फ्यूज घालायचा नाही, तोडायचाच असेल तर फेजबरोबर एकदम तोडायचा. गीझर आणि एसीला तो जाडा डबल पोल स्विच असतो ना, तो हेच करतो, दोन्ही एका झटक्यात.

आपल्याकडच्या नेहमीच्या बोर्डात काय असतं ते बघा. एमसीबी (मेन बोर्डातला, लाइन तोडणारा खटका) पाडा, टेस्टरने (फेजला टेकवला की आतला बारीक दिवा लागतो तो स्क्रूड्रायव्हर) खात्री करा आणि मग प्लेट काढून मागे डोकवा. एक लाल वायर (किंवा पिवळी नाहीतर निळी, आपल्याकडे हे तिन्ही रंग फेजचे) पहिल्या बटनाच्या स्क्रूत येते, तिथून छोटा तुकडा दुसऱ्या बटनाला, तिथून तिसऱ्याला, अशी फेजची माळ असते, वायरमन तिला लूप मारणं म्हणतात. प्रत्येक बटनाच्या दुसऱ्या स्क्रूतून एकेक वायर निघून पाइपातून वर छताला जाते, तिला ते हाफ म्हणतात. हाफ वायर म्हणजे बटन चालू असलं तर फेज, नाहीतर नुसती तार. काळा न्यूट्रल बटनाला शिवतच नाही, तो बोर्डात एका जॉइंटवर एकत्र होतो, तिथून एक सॉकेटला, एकेक प्रत्येक दिव्याकडे. हिरवी अर्थिंगची. पंख्याचं तेवढं वेगळं की त्याच्या हाफमध्ये मध्ये रेग्युलेटर बसतो, बाकी तेच. दिव्यांना साधारण १.५ स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ ची, एसीला ४ ची, हे तुम्हाला दुकानदारच सांगेल.

एवढं समजलं की वायरमनशी बोलता येतं. «हाफ कुठली आणि फेज कुठला» एवढं विचारलं तरी तो जरा सावरून काम करतो, अनुभव आहे.

काकांच्या माजघरात उलटं झालेलं. पंधरा वर्षांपूर्वी घराची पट्टी फिटिंग काढून नवीन वायरिंग केलं तेव्हा त्या कोपऱ्यात उरलेल्या बंडलातली एकाच रंगाची वायर वापरली होती, दोन्ही पिवळ्या, मग कुठली कुठली कळणार कशी, बटन गेलं न्यूट्रलमध्ये. पिवळ्या बल्बच्या जमान्यात कुणाला पत्ताही लागला नाही कारण ६० वॅटच्या बल्बला पाव अँपिअर लागतो तेव्हा तो पेटतो. एलईडीला तेवढं नको. बटन बंद केलं तरी फेज बल्बपाशी उभाच होता, बल्बच्या पलीकडची वायर ओल आलेल्या भिंतीतून उतरत होती, तिच्यातून आणि ओल्या भिंतीतून जमिनीकडे अगदी कणभर करंट झिरपत होता, आणि तेवढ्यावर बल्बच्या आतला छोटा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) हळूहळू भरत होता. भरला की एक मिणमिण, परत रिकामा, परत भरला. उन्हाळ्यात भिंत वाळली की भूत गायब. काकूंनी तेवढ्यात एक नारळ ठेवलाही होता.

पण मिणमिणणारा प्रत्येक बल्ब म्हणजे चुकीचं वायरिंग असं नाही हां. बटनावर लाल बारीक इंडिकेटर असेल तर तो इंडिकेटर पेटवणारा करंट त्या बल्बमधूनच जातो, त्यानेही एलईडी मंद दिसू शकतो. आणि लांबलचक पाइपात चालू फेज आणि बंद हाफ शेजारी शेजारी गेल्या असतील तर एकीचा व्होल्टेज थोडासा दुसरीत उतरतो, जिन्याच्या दिव्याला हे बऱ्याचदा होतं. तिथं बल्ब चांगला घेतला किंवा वायरमनकडून बल्बला समांतर एक छोटा कपॅसिटर बसवून घेतला की थांबतं. फरक ओळखायची खूण म्हणजे फेज, तो बरोबर तुटतोय का ते बघायचं.

आता जिना. खरा विषय हाच, कारण इथंच वायरमन लोकांची कलाकारी दिसते.

खालून चालू करायचा, वर जाऊन बंद करायचा. यासाठी टू वे बटन लागतं. वरून दिसायला साध्यासारखंच, मागे मात्र दोनाऐवजी तीन स्क्रू. त्यातला एक कॉमन, बहुतेक बटनांत मधला, आणि दोन बाजूचे. हे बटन खरं म्हणजे कधी बंद होतच नाही. रेल्वेचा सांधा कसा एकतर या रुळाला नाहीतर त्या रुळाला लागलेला असतो, तसा कॉमन एकतर या स्क्रूला नाहीतर त्या स्क्रूला.

सरळ पद्धत अशी. फेज खालच्या बटनाच्या कॉमनला. खालच्या आणि वरच्या बटनाचे बाजूचे दोन दोन स्क्रू दोन वायरींनी एकमेकांना जोडलेले, म्हणजे जिन्यावरून दोन समांतर रूळ गेले. वरच्या बटनाच्या कॉमनमधून हाफ निघून दिव्याला. न्यूट्रल थेट दिव्याला, बटनांशी संबंध नाही. दोन्ही सांधे एकाच रुळाला असले की दिवा लागला, वेगवेगळ्या रुळांना असले की फेज जिन्यात मध्येच एका रुळावर जाऊन अडकला, पुढे रस्ता नाही, दिवा बंद. कुठलंही बटन दाबा, स्थिती उलटते. आणि आपला प्रश्न विचारा, बंद असताना फेज कुठंय? दोन बटनांच्या मधल्या वायरीत. दिव्यापर्यंत आलेला नाही. पास.

दुसरी पद्धत लोकांना कमी माहीत असते पण जुन्या घरात फार कामाची. समजा खाली आधीच साधं बटन आहे, फेज पण तिथंच आणि दिव्याची हाफ पण तिथंच येते, आणि आता वर एक बटन पाहिजे. अख्खं वायरिंग उकरायची गरज नाही. खालचं बटन टू वे करा आणि वरच्या टू वे पर्यंत तीन वायरी न्या, कॉमनला कॉमन, डाव्याला डावा, उजव्याला उजवा. फेज खालच्या डाव्याला, हाफ खालच्या उजव्याला. एक बटन डावीकडे आणि दुसरं उजवीकडे असलं की फेज डावीकडून कॉमनमध्ये शिरतो, कॉमनमधून उजवीकडे बाहेर, दिवा चालू. दोन्ही एकाच बाजूला असले की बंद. वायर जास्त लागते, पण दिव्याकडे जाणाऱ्या वायरींना हात लावावा लागत नाही. ही पण पास, कारण तोडला जातो तो फेजच.

तिसरी म्हणजे काकांच्या जिन्यातली. तिला बाहेर कार्टर पद्धत म्हणतात, आपल्याकडे काही नाव नाही, वायरमन म्हणतो «जुगाड आहे, पण वायर वाचते». इथं दोन्ही बटनांच्या बाजूच्या स्क्रूंना एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल दिलेला. बल्बचं एक टोक खालच्या कॉमनला, दुसरं टोक वरच्या कॉमनला. एक बटन फेज देतंय आणि दुसरं न्यूट्रल, तर दिवा लागणार. दोन्ही न्यूट्रल देतायत, दिवा बंद, काही हरकत नाही. दोन्ही फेज देतायत, तरी दिवा बंदच, कारण दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, करंट वाहायला फरकच नाही. आणि त्या वेळी होल्डरच्या दोन्ही पिनांवर २३० व्होल्ट. दिवा बंद दिसतोय, बटन बंद केल्याचं आठवतंय, आणि माणूस स्टुलावर चढून होल्डरमध्ये बोट घालतोय. काका नशिबाने लाकडी स्टुलावर होते, झटका बसला तो भिंतीला टेकलेल्या कोपरातून गेला, दोन दिवस हात दुखला. «अरे बटन बंद होतं!» हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा ते खरंच होतं.

खालच्या बोर्डात फेज न्यूट्रल दोन्ही आहेत, वरच्या बोर्डात पण आहेत, मग मध्ये लांबच्या लांब वायरी ओढा कशाला, जवळच्या बोर्डातून घेऊ, असा यामागचा हिशोब. वीस फूट वायर वाचते. अमेरिकेत ही पद्धत १९२३ मध्येच नियमाने बंद केली, आपल्याकडे जुन्या चाळी, वाडे, गावाकडची दुमजली घरं इथं अजून सापडते.

यात अजून एक भर. घराला थ्री फेज कनेक्शन, म्हणजे एकाऐवजी तीन वेगळे फेज, असेल आणि खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर असेल तर «दोन्ही फेज देतायत» या स्थितीत बल्बच्या दोन टोकांना दोन वेगळे फेज मिळतात, म्हणजे साधारण ४०० व्होल्ट. बल्ब बंद राहत नाही, फुटतो. असा बल्ब वारंवार उडतो आणि लोक कंपनी बदलत बसतात.

त्याचाच एक सभ्य भाऊ म्हणजे उसना न्यूट्रल. वायरिंग सरळ पद्धतीचंच, पण फेज खालच्या बोर्डातून घेतला आणि दिव्याचा न्यूट्रल वरच्या मजल्याच्या बोर्डातून. जुन्या काळी चालून गेलं. आता घरोघरी आरसीसीबी (करंट कुठं गळाला की लाइन तोडणारा खटका) बसतात, तो जाणारा आणि परत येणारा करंट मोजत बसलेला असतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की ट्रिप. खालच्या आरसीसीबीला दिसतं करंट गेला पण परत आलाच नाही, वरच्याला दिसतं न पाठवलेला आला. जिन्याचा दिवा लावला की अर्धं घर अंधारात. मग लोक म्हणतात आरसीसीबी खराब आहे, काढून टाका. खराब तो नाही, त्याने तर चूक शोधून दिली, दिव्याचा न्यूट्रल ज्या बोर्डातला फेज त्याच बोर्डातून आणा.

तीन मजले असतील तर मधल्या मजल्याला चार स्क्रूचं इंटरमीडिएट बटन लागतं. ते दोन रुळांच्या मध्ये बसतं आणि रूळ एकतर सरळ ठेवतं नाहीतर एकमेकांत उलटतं. असे मध्ये कितीही घाला, पहिलं आणि शेवटचं फक्त टू वे. आयटीआयला गेलेल्याला याच्या जोडीने गोडाऊन वायरिंग पण जर्नलमध्ये काढल्याचं आठवत असेल, पुढचं बटन दाबलं की पुढचा दिवा लागतो आणि मागचा आपोआप जातो, म्हणजे माणूस गोदामात शिरत जातो तसा एकच दिवा त्याच्याबरोबर चालतो. तेही टू वे बटनांचीच साखळी आहे. घरात कामाचं नाही, पण कल्पना झकास.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. माझी आतेबहीण न्यू जर्सीत जुन्या घरात राहते, तिने मोबाईलवर चालणारं बटन आणलं आणि ते न्यूट्रल मागतंय, बटनाच्या डब्यात तर दोनच वायरी. असं का, तर तिकडच्या बऱ्याच जुन्या घरांत फेज न्यूट्रल आधी छताला दिव्यापाशी जातात आणि तिथून फक्त फेज खाली बटनापर्यंत येऊन परत वर जातो, इंग्लंडात पण तसंच. आपल्या बोर्डावर बटनांच्या शेजारी सॉकेट असतं म्हणून न्यूट्रल आयताच हजर. अमेरिकेच्या वायरिंग कोडने २०११ पासून नव्या कामात साधारणपणे बटनापाशी न्यूट्रल ठेवायला लावला, तिचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. आणि तिकडं काळी वायर म्हणजे फेज! आपल्या सवयीने काळी ती न्यूट्रल समजून हात लावलात तर संपलं. न्यूट्रल पांढरा, पण त्या वरखाली जाणाऱ्या तुकड्यात पांढऱ्या वायरीवर पण फेज असू शकतो. आपलं टू वे त्यांच्याकडे थ्री वे, आणि साधं बटन वर केलं की चालू. मी तिला म्हटलं तू इलेक्ट्रिशियन बोलाव, फोनवर मला रंग सांगू नको.

घरी स्वतःला काय तपासता येईल? सॉकेटपासून सुरू करा. मोठं भोक वर ठेवून समोरून बघितलं तर उजवं भोक फेजचं. बटन चालू करून उजव्यात टेस्टर घातला तर लागला पाहिजे, डाव्यात नाही. बटन बंद केल्यावर कुठंच नाही. बटन बंद असून डाव्यात टेस्टर लागत असेल तर फेज न्यूट्रल उलटे झालेत. एकाच सॉकेटला असेल तर तिथलीच गडबड, पण सगळ्या घरात तसंच दिसलं तर मीटरच्या बाजूलाच अदलाबदल झालीये, पोलवर किंवा मीटरपाशी काम होऊन गेल्यावर असं होऊ शकतं, आणि मग काल बरोबर असलेलं तुमचं प्रत्येक बटन आज न्यूट्रल तोडतंय. सिंगल पोल (एकच वायर तोडणारा) एमसीबी पण. तो पाडून तुम्ही निवांत काम करायला बसाल आणि फेज तसाच. म्हणून पाडल्यानंतर टेस्टर, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटवर लागतोय ना ते बघून, कारण मेलेला टेस्टर पण «करंट नाही» असंच सांगतो.

आणि दोन्ही भोकांत टेस्टर लागला आणि काहीच चालत नसेल तर दोन फेज आले म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा मागे कुठंतरी न्यूट्रल सुटलेला असतो आणि चालू राहिलेल्या एखाद्या दिव्यातून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरीत आलेला असतो. हात मात्र लावायचा नाही, झटका खराच बसतो.

होल्डर तपासायचं काम वायरमनला करू द्या, त्या दोन पिना जवळ असतात, टेस्टरचं टोक दोन्हीला एकदम लागलं की भडका. त्याला एवढंच सांगा, की जिन्याच्या दोन बटनांच्या स्थितींच्या चारही जोड्या लावून बघ, दिवा बंद असलेल्या दोन जोड्यांत पिनांवर टेस्टर चांगला लागता कामा नये. अगदी पुसट लागला तर तो शेजारच्या वायरीचा असतो, ढणढणीत लागला तर काम चुकलंय.

काकांकडे माजघराचं काम दहा मिनिटांचं निघालं, बोर्डात दोन वायरींची अदलाबदल, बल्ब त्याच रात्रीपासून गप्प. जिन्याला वेळ लागला. जुन्या पाइपात नवीन वायर शिरेना, कुठंतरी सिमेंट गेलेलं होतं, शेवटी भिंतीवरून पांढरी केसिंग पट्टी मारून तीन वायरी वर नेल्या आणि काकूंना ती पट्टी अजिबात आवडली नाही. आता तिच्यावर कालनिर्णय टांगलंय. उरलेले तीन «डुप्लिकेट» बल्ब गोठ्यात लावलेत, मस्त चालतात.